विमलकाकूंचं तळं

माणसं पायांवरून ओळखायला मी बेसमेंटमध्ये शिकले. मिनेसोटात, मिनियापोलिसजवळच्या एका गावात माझ्या काकांचं मोठं घर होतं आणि त्या घराच्या तळाशी, जमिनीखाली, आम्ही तिघं राहत होतो. आई, बाबा आणि मी. बेसमेंटला एकच खिडकी होती, छताला टेकलेली, बाहेरच्या गवताच्या पातळीला. तिच्यातून आकाश दिसायचं नाही. दिसायचं ते गवत, तळ्याचा दगडी काठ आणि खिडकीजवळून येणाऱ्याजाणाऱ्यांचे गुडघ्यापर्यंतचे पाय. डॉक्टरकाकांचे तपकिरी बूट, त्यांच्या मुलाचे म्हणजे अभिदादाचे नाडी न बांधलेले स्नीकर्स, आईच्या मोज्यांवर चढवलेल्या चपला आणि विमलकाकूंचे लाल स्नोबूट. त्या लाल बुटांचा राग मला अजून आहे. माझी साठी उलटली, गुडघे बोलायला लागले, आणि भेटेल तो सांगतो की वय झालं की राग निवतो. माझा निवला नाही. तो निवावा म्हणून मी काही खास खटपटही केलेली नाही.

झालं होतं असं की बाबांचा कारखाना बंद पडला. ते केमिकल इंजिनियर होते, आणि त्या वर्षी केमिकल इंजिनियर कुणालाच नको होते. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, हृदयाचे डॉक्टर. त्यांनी फोन केला, "घर एवढं मोठं आहे, खालचा मजला रिकामाच आहे. दोन महिने या, तोवर मिळेल काहीतरी." काका मनाने चांगले होते. ते सकाळी अंधारात हॉस्पिटलला जात आणि संध्याकाळी अंधारात परत येत, त्यामुळे आपल्या घरात काय चालतं हे त्यांना फारसं माहीत नसे. घर काकूंचं होतं. "आपलंच घर समजा हं," असं त्या आम्हाला पहिल्या दिवशी म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आईला दाखवलं की वरच्या फ्रिजमधला कुठला कप्पा आमचा. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल जाई, असं आपल्याकडे म्हणतात. आम्ही दोन हिवाळे राहिलो.

आई सकाळी वर जाऊन दोन्ही घरांचा स्वयंपाक करायची. वरण, भात, एक भाजी, पोळ्या, आणि शनिवारी काकांना आवडते म्हणून ताकाची कढी. कढीला तूपजिऱ्याची फोडणी बसली की तिचा वास जिन्यावरून खाली यायचा आणि वॉशिंग मशीनच्या साबणाच्या वासात मिसळून जायचा. अजून कुठे कपडे धुवायची पावडर उघडली की मला कढीची आठवण येते, आणि कढीबरोबर बाकीचं सगळंही येतं. खाली घर तापवणाऱ्या भट्टीची घरघर दिवसभर चालू असे. ती थांबली की बाहेरच्या कारंज्याचा आवाज ऐकू यायचा. काकूंनी तळ्याच्या मधोमध तीन थाळ्यांचं दगडी कारंजं बसवून घेतलं होतं आणि तळ्यात जपानी कोई मासे सोडले होते. केशरी, पांढरे, एक पिवळाधमक. सगळ्या मराठी मंडळात तळं असलेलं ते एकच घर होतं. येणाऱ्या प्रत्येकाला काकू आधी तळं दाखवत, मग चहा विचारत.

फुकट राहायचं तर काहीतरी अंगावर घ्यावं म्हणून आईने तळं घेतलं. ती नागपूरची, वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली, पण माशांतलं तिला काही कळत नव्हतं. तिने गावच्या लायब्ररीतून पुस्तक आणलं आणि इस्त्री करता करता वाचून काढलं. मेपलची पानं गळायला लागली की तळ्यावर जाळं ताणायचं, नाहीतर पानं तळाशी जाऊन कुजतात. कमळांची पिवळी पडलेली पानं कापायची आणि कुंड्या सगळ्यात खोल जागी उतरवायच्या. कारंजं बंद करून त्याच्या थाळ्या कोरड्या करायच्या, पालथ्या घालायच्या आणि वर ताडपत्री बांधायची, कारण दगडात राहिलेलं पाणी गोठलं की फुगतं आणि दगड चिरतं. पंप काढायचा, जुन्या टूथब्रशने घासायचा आणि पाण्याच्या बादलीत बुडवून घरात ठेवायचा. तो आमच्या पलंगाशेजारी असायचा. मग तळ्यात तरंगता हीटर सोडायचा. त्याने पाणी गरम होत नाही, फक्त बर्फात ताटाएवढं भोक उघडं राहतं आणि आतला वाईट वायू बाहेर पडतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी पन्नास फॅरेनहाइटच्या खाली गेलं की माशांना खायला घालायचं नाही. एक दाणाही नाही. त्यांचं पोट तेव्हा काम करत नाही. खाल्लेलं आत तसंच राहतं आणि कुजतं. "म्हणजे सगळा हिवाळा उपास?" मी विचारलं. आई म्हणाली, "उपासाने नाही गं मरत ते. पारण्याने मरतात."

पहिल्या हिवाळ्यात दर शनिवारी सकाळी मला खिडकीतून लाल बूट दिसायचे. काकू मागच्या दारातून येत, काठावर उभ्या राहत (तेवढ्या लांबून त्या मला अख्ख्या दिसत), हातातली स्टीलची वाटी बर्फातल्या त्या भोकावर कलती करत, आणि पाठ फिरवून झपाझप परत जात. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून म्हणतात, मला तर वाकावंही लागत नव्हतं. पण मला वाटलं, मासे त्यांचे, त्या काहीही घालोत. एकदा वाटेतच वाटीतून एक गोळी निसटली आणि घरंगळत आमच्या खिडकीबाहेरच्या खड्ड्यात येऊन पडली. पांढरट, सुपारीएवढी. मी तिच्याकडे पाहिलं आणि विसरून गेले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूंकडे सगळं मंडळ लोटायचं. दारात बुटांचा ढीग, कोटांचा पलंगभर डोंगर, आणि गुडघाभर बर्फातून नऊवार, सहावार वर धरून आलेल्या बायका. आईने पहाटेपासून गुळाच्या पोळ्या लाटल्या होत्या. ती कुंकवाचा करंडा घेऊन एकेकीला कुंकू लावत होती, मी मागून तिळगूळ देत होते. तेवढ्यात कुंदामावशी तळं बघायला काचेच्या दाराशी गेल्या. कुंदामावशी म्हणजे मंडळाचं वर्तमानपत्र. सकाळी कळलेलं दुपारपर्यंत तीन गावांत पोचवायच्या. त्या ओरडल्या, "अगं विमल, तुझे मासे पोट वर करून पडलेत!"

सगळ्या दाराशी धावल्या. भोकातल्या पाण्यात पिवळाधमक मासा उलटा तरंगत होता आणि बर्फाच्या कडेखाली आणखी केशरी पोटं दिसत होती.  काकू वळल्या आणि त्यांनी सरळ आईकडे बोट केलं.

"प्लग काढलास ना?"

"कुठला प्लग, वहिनी?" आईला खरंच कळलं नाही.

"तळ्याचा. खाली थंडी वाजते म्हणून तळ्याचा हीटर काढून आपला लावलास. बेसमेंटचं आणि तळ्याचं सॉकेट एकच आहे, मला माहीत नाही का? स्वतःच्या उबेसाठी मुकी जनावरं मारलीस?"

"नाही हो. भोक उघडं आहे, बघा ना. हीटर बंद असता तर ते गोठलं नसतं का?"

पण बायकांना भोकातलं कळत नव्हतं, आणि काकूंना ऐकायचं नव्हतं. त्या म्हणाल्या, आणि हे मी शब्दाला शब्द लिहिते आहे, "नवऱ्याची नोकरी गेली, आता माझे मासे गेले. पायगुण म्हणतात तो हाच."

आईच्या हातात करंडा होता. तिने तो खाली ठेवला नाही. पुढची बाई कुंकवासाठी थांबली होती, तिला कुंकू लावलं. त्या खोलीत शिकलेल्या, नोकऱ्या करणाऱ्या, एरवी टाळी वाजवून बोलणाऱ्या कितीतरी बायका होत्या. एकीनेही तोंड उघडलं नाही. उघडलं ते गुळाच्या पोळीसाठी. कुणी दोन घेतल्या, कुणी तूप मागितलं, मला सगळं आठवतं. आईच्या हातच्या पोळ्या खाऊन त्या बूट घालून निघाल्या, आणि आठवडाभरात प्लगची गोष्ट मंडळातल्या सगळ्या घरांत पोचली. पुढे कुणाच्या बारशाला, कुणाच्या सत्यनारायणाला गेलं की कुणीतरी हसत विचारायचं, "काय शैला, बेसमेंट ऊबदार आहे ना?" आई हसायची. मला त्या सगळ्यांच्या कोटांच्या खिशांत बर्फ भरावासा वाटायचा, आणि खरं सांगते, आजही वाटतो.

त्या दिवशी खाली आल्यावर मला एकदम ती गोळी आठवली. खिडकीबाहेरच्या खड्ड्यात हात घालून मी ती काढली. आईने ती बोटांनी चुरडली आणि म्हणाली, "कणीक आहे." मी लाल बुटांचं सगळं सांगितलं. आई पलंगावर बसली. काकूंचे पुण्याचे एक गुरुजी होते, फोनवर उपाय सांगणारे. अभिदादाला मेडिकलला प्रवेश मिळत नव्हता, त्याला साडेसाती आहे असं गुरुजींचं म्हणणं आणि शनिवारी माशांना कणकेच्या गोळ्या घाला हा उपाय. काकांना असल्या गोष्टींची चीड, म्हणून काकू ते लपून करत. हे सगळं आईने दोन मिनिटांत जुळवलं. उरलेलं पुस्तकात होतंच. काकूंनी आपले मासे पुण्य म्हणून स्वतःच्या हाताने मारले होते आणि बोंब आमच्या नावाने मारली होती. चोराच्या उलट्या बोंबा.

मी जिन्याकडे पळाले. आईने माझी वेणी धरली.

"कुठे निघालीस?"

"वर. काकांना सांगते."

"काय सांगशील? माझ्या आईने नाही मारले, काकूंनी मारले? हातात काय आहे तुझ्या? एक चुरलेली गोळी. आत्ता आपण बोललो की ती चुगली होईल, रेवू. आपण त्यांच्या छपराखाली आहोत."

"मग असंच ऐकून घ्यायचं? तुला राग येत नाही?"

आईने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते. "पोरी, मला सगळ्यांसमोर बोलल्या त्या," ती म्हणाली. "सगळ्यांसमोरच फिटलं पाहिजे. थांब."

ते "थांब" एक वर्ष चाललं. वसंतात काकूंनी नवे मासे आणले, पहिल्यांपेक्षा मोठे. अभिदादा दुसऱ्या राज्यात शिकायला गेला, मेडिकलला नाही, दुसऱ्याच कशाला, त्यामुळे त्याची साडेसाती चालूच होती. पानं गळायला लागल्यावर काका जेवताना म्हणाले, "शैला, तळ्याचं यंदाही तूच बघ." काकूंचा घास थांबला. "बघू दे," त्या म्हणाल्या, "पण प्लगला हात लावायचा नाही." दुसऱ्या दिवशी हीटर लावल्याबरोबर त्यांनी प्लग आणि सॉकेट यांच्यावरून लाल चिकटपट्टी गुंडाळली आणि पट्टीवर पेनाने सही केली. बँकेच्या लॉकरलासुद्धा कुणी असं सील करत नाही. मी जिन्यावर पाय आपटत खाली आले. आई मात्र खाली आल्यावर हसली. बेसमेंटमध्ये ती हसल्याचं मला फार वेळा आठवत नाही. "बरं झालं," ती म्हणाली. "पट्टी त्यांनीच लावली."

त्या हिवाळ्याआधी मला एक चांगली संधी दिसली होती. कारंजं रिकामं करायचं काम माझ्याकडे होतं. मधल्या थाळीत पाणी ठेवायचं, वर ताडपत्री घट्ट बांधायची, बस. पुढचं काम मिनेसोटाच्या थंडीने केलं असतं, आणि वसंतात काकूंनी ताडपत्री काढली असती तेव्हा त्यांच्या दगडाचे दोन तुकडे झाले असते. मी हे आईला इतक्या आनंदाने सांगितलं की तिला वाटलं मला परीक्षेत पहिला नंबर मिळाला. ती जुना टॉवेल घेऊन बाहेर आली आणि तिने स्वतः ती थाळी आतून पुसली, बोट फिरवून पाहिलं, पुन्हा पुसली. "वैर माणसाशी आहे," ती म्हणाली, "दगडाशी नाही. आणि यंदा या तळ्यातलं काहीही फुटता कामा नये, काहीही मरता कामा नये. कळलं?" मला नाही कळलं. मला वाटलं, आई मऊ पडली.

मग ती काकांना म्हणाली की शेजारची मुलं घसरगुंडी खेळायला आपल्या अंगणात येतात, त्या भोकावर तारेची जाळी असलेली बरी. काका लगेच हो म्हणाले. जाळी आणायला आम्ही दोघी हार्डवेअरच्या दुकानात गेलो. तिथे आई प्रत्येक जाळीच्या भोकात बोटाचं पेर घालून बघत होती. एका जाळीत पेर शिरलं, ती तिने बाजूला ठेवली. दुसरीत शिरलं नाही, ती घेतली. दुकानातल्या माणसाने विचारलं, कशासाठी हवी आहे? आई म्हणाली, "फॉर फिश." मी तिच्या बोटाकडे पाहिलं आणि मला ती सुपारीएवढी गोळी आठवली. आणि तेव्हा मला कळलं की माझी आई मऊबिऊ काही पडलेली नाही. माझा राग तिच्यापुढे पोरखेळ होता.

डिसेंबर लागला आणि शनिवारी लाल बूट पुन्हा यायला लागले. काकू बर्फाला घाबरत, म्हणून काठापासून जरा लांबूनच वाटी रिकामी करत. तोंडाला मफलर गुंडाळलेला, आणि मफलरमधून निघालेल्या श्वासाने चष्मा पांढरा झालेला. जाळी आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण गोळ्या तिच्यातून खाली जातात की नाही हे बघायला त्या कधी थांबल्या नाहीत. गोळ्या जाळीवर पडत आणि तिथेच दगडासारख्या गोठत. काही पक्ष्यांनी आणि खारींनी नेल्या. उरलेल्यांवर हिम पडायचं, त्यावर पुढच्या शनिवारच्या गोळ्या, वर पुन्हा हिम. आई त्यांना हात लावत नव्हती. मी खिडकीत बसून अभ्यास करायचे आणि प्रत्येक शनिवारी मनात म्हणायचे, घाला काकू, आणखी घाला.

जानेवारीत बाबांना दूर दक्षिणेकडच्या कॅरी गावात नोकरी मिळाली. महिनाअखेर निघायचं ठरलं. बाबांनी ही बातमी सांगितली तेव्हा भट्टी बंद होती आणि त्या शांततेत आई रडली, एवढंच एकदा. मग डोळे पुसून वर गेली आणि काकूंना म्हणाली, "वहिनी, जायच्या आधी यंदाच्या हळदीकुंकवाला वाण मी लुटते. तुम्ही वर्षभर सांभाळलंत." काकूंना फार बरं वाटलं. त्यांनी मंडळातल्या झाडून सगळ्या बायकांना फोन केले. शैला जाते आहे, सगळ्यांनी या. आईला हव्या होत्या तेवढ्या सगळ्या त्यांनी स्वतःच बोलावल्या.

तो शनिवार होता. रात्री हिम पडून गेलं होतं आणि अंगण कोऱ्या कागदासारखं होतं. सकाळी लाल बूट आले आणि गेले. त्यानंतर आई छोटा कुंचा घेऊन बाहेर गेली. काकूंच्याच पावलांच्या ठशांत पाय ठेवत, कोऱ्या हिमावर नवं पाऊल न उमटवता ती तळ्याशी पोचली आणि जाळीवरचं हिम तिने हलक्या हाताने झटकलं. मग परत येऊन पोळ्या लाटायला बसली.

दुपारी बायका जमल्या. कुंकू झालं, तिळगूळ झाला, आणि आईने वाण वाटलं. प्रत्येकीला रंगीत कागदात गुंडाळलेली छोटी वस्तू. कुंदामावशींनी सगळ्यांआधी कागद फाडला. आत पाण्यावर तरंगणारं थर्मामीटर होतं, त्याच्या टोकाला पिवळं प्लास्टिकचं बदक.

"अगं बाई, हे काय? आंघोळीचं पाणी मोजायचं?"

"तळ्याचं, कुंदाताई," आई म्हणाली.

बायका हसल्या. "आमच्याकडे कुठे गं तळं?"

"आज नाही तर उद्या घ्याल. लक्षात असू द्या म्हणून दिलं." आई पदराला हात पुसत अगदी मऊ आवाजात बोलत होती, शाळेत बाई बोलतात तशी. "पाणी पन्नासच्या खाली गेलं की माशांना काही खायला घालायचं नसतं. त्यांना पचत नाही. आत कुजतं आणि मासा मरतो. हीटर चालू असला तरी मरतो, भोक उघडं असलं तरी मरतो. आणि कणीक सगळ्यात वाईट. पुण्य म्हणून गोळ्या घातल्या तरी मासा काही पुण्य बघत नाही. यंदा आपले मासे सगळे जिवंत आहेत. चला ना, बघून येऊ."

काकूंच्या हातात बदक होतं. त्या म्हणाल्या, "एवढ्या थंडीत कुठे सगळ्यांना," पण कुंदामावशींनी बूट चढवलेसुद्धा. पाठोपाठ सगळ्या निघाल्या, साड्या वर धरून. दारातच थांबल्या, कारण कोऱ्या हिमावर पावलांची एकच रांग होती, दारापासून तळ्यापर्यंत आणि परत. प्रत्येकीने आधी ती रांग पाहिली आणि मग दाराशी ठेवलेले लाल बूट. तळ्याच्या भोकाखाली केशरी मासे हळूहळू कल्ले हलवत होते, जिवंत, धडधाकट. आणि वर जाळीवर कणकेच्या गोळ्या पडल्या होत्या, गोठलेल्या, जुन्या करड्या आणि आजच्या पांढऱ्या.

कुंदामावशींनी एक उचलली. "विमल, ही कणीक ना?"

काका चहाचा कप घेऊन मागच्या दारात आले होते. ते गोळीकडे बघत राहिले. "आज शनिवार," ते हळूच म्हणाले. "विमल, हे केव्हापासून चाललंय?"

"अभीसाठी," काकू म्हणाल्या.

"गेल्या वर्षीही?"

काकूंनी हातातलं बदक पदराखाली घेतलं. आई म्हणाली, "वहिनी, पट्टी तशीच आहे. तुमची सहीसुद्धा. बघून घ्या." मग तिने ताट पुढे केलं. "तिळगूळ घ्या, गोड बोला."

काकूंनी तिळगूळ घेतला. सगळ्यांच्या देखत तो तोंडात घातला आणि चावला. त्यांच्या जबड्याचा आवाज त्या थंडीत मला ऐकू आला, आणि आयुष्यात मी ऐकलेल्या गोड आवाजांत मी तो फार वर ठेवते. घरात आल्यावर त्याच बायका आईभोवती जमल्या. "आम्हाला तेव्हाच वाटलं होतं गं," असं एक म्हणाली. आईने तिला पोळी वाढली, पण तूप वाढलं नाही.

मलाही मुलगा आहे. त्याच्या व्हिसाच्या काळजीत मीही काय काय केलं ते मी इथे लिहिणार नाही. म्हणून काकूंनी गोळ्या का घातल्या हे मला समजतं. पण समजणं वेगळं आणि माफ करणं वेगळं. पहिलं माझ्याकडून झालं, दुसऱ्याची मला घाई नाही.

आता आम्ही वाळवंटातल्या चँडलरला असतो. इथे पाणी गोठत नाही. आई माझ्याकडे असते, पंच्याऐंशी ओलांडली आहे, कान गेलेत पण डोकं शाबूत आहे. विमलकाकू टेक्ससमध्ये, प्लेनोला अभिदादाकडे असतात. काका गेल्यापासून दोन्ही घरांत दिवाळीच्या फोनापलीकडे काही राहिलं नव्हतं. परवा संक्रांतीच्या सुमारास टीव्हीवर दाखवत होते की थंडीची लाट टेक्ससपर्यंत उतरणार आहे. दुपारी अभिदादाचा फोन आला.

"रेवती, आईला तुझ्या आईशी बोलायचंय. इट्स अबाउट द फिश, यार. बॅकयार्डमध्ये पाँड केलाय आम्ही, आणि शी इज पॅनिकिंग."

मी फोन स्पीकरवर टाकला आणि आईच्या कानाशी धरला. काकूंचा आवाज बारीक झाला होता. "शैला, इथे पाणी गोठणार म्हणतात. इथल्या लोकांना काही माहीत नाही. माशांचं काय करायचं गं?"

 मला वाटलं आईला ऐकू आलं नाही, म्हणून मी सांगायला तोंड उघडलं, तर तिने हाताने मला गप्प केलं.

"वहिनी," ती म्हणाली, "आधी पाणी किती थंड आहे ते बघा. मी वाण दिलं होतं ना? आहे का ते अजून?"

पलीकडून अभिदादाच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता.

"आहे," काकू म्हणाल्या.

"मग सोडा पाण्यात. पन्नासच्या खाली गेलं की काही खायला घालायचं नाही."

"नाही घालणार."

"शनिवारीसुद्धा नाही हं, वहिनी."

आईने स्वतःच बटण दाबून फोन बंद केला. मग मला म्हणाली, गुळाची पोळी उरली असली तर गरम करून आण, आणि तुपात हात आखडू नकोस.